गाडी आत, माणूस बाहेर

सिडनीहून पश्चिमेला, ब्लू माउंटन्स ओलांडून तीनेक तास गेलं की बाथर्स्ट नावाचं गाव लागतं. गावाला खेटून माउंट पॅनोरमा ही टेकडी आहे आणि तिच्यावरून ६.२१३ किलोमीटरचा एक डांबरी रस्ता वळसे घेत चढतो आणि उतरतो. कडेला घरं आहेत, द्राक्षमळे आहेत. कुणीही आपली गाडी घेऊन जावं आणि चक्कर मारून यावं. वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. दर ऑक्टोबरात मात्र याच रस्त्यावर ‘बाथर्स्ट १०००’ ही शर्यत होते आणि कॉनरॉड स्ट्रेट या सरळ उतारावर गाड्या ताशी २९० किलोमीटरच्या पुढे जातात. जिंकणाऱ्याला चषक मिळतो. पुढच्या आठवड्यात तिथेच कुणी याच्या निम्म्या वेगाने गेलं, तर पोलीस जागच्या जागी त्याचा परवाना निलंबित करतात.

गाडीवर इतका जीव टाकणारे आणि गाडीवाल्यावर इतका डोळा ठेवणारे देश थोडे. ऑस्ट्रेलियात होल्डन की फोर्ड यावरून घरात पिढीजात तट पडलेले असत. २०१६ साली फोर्डचा आणि २०१७ साली होल्डनचा तिथला कारखाना बंद झाला, तेव्हा लोक जवळचं माणूस गेल्यासारखे हळहळले. त्याच देशातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली, जगात सर्वांत आधी, सीटबेल्ट सक्तीचा केला. त्या वर्षी राज्यात रस्त्यावर १,०६१ माणसं मेली होती. १९७६ मध्ये कुणालाही थांबवून श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला, ऐंशीच्या दशकाअखेर वेग टिपणारे कॅमेरे आले. आज लोकसंख्या दुप्पट झालेली असताना वर्षाकाठी मृत्यू तीनशेच्या आसपास असतात. नियम कडक केले की जीव वाचतात, हा या राज्याचा स्वतःचा अनुभव आहे. त्यामुळे या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातली राज्यं बेदरकार चालकांची गाडीच उचलून न्यायला लागली, तेव्हा फारसं कुणाला नवल वाटलं नाही.

विश्वविजेत्याची गाडी

अशा चालकाला तिकडे ‘हून’ म्हणतात आणि या कायद्यांना ‘अँटी-हून’ कायदे. क्वीन्सलंडने २००२ मध्ये असा कायदा केला, पश्चिम ऑस्ट्रेलिया २००४ मध्ये त्या वाटेने गेलं आणि १ जुलै २००६ पासून व्हिक्टोरियात तो लागू झाला. व्हिक्टोरियातली रचना पायऱ्यापायऱ्यांची होती. पहिल्यांदा पकडलं तर गाडी ४८ तास आत. दुसऱ्यांदा पकडलं तर न्यायालय ती तीन महिन्यांपर्यंत अडकवू शकतं. तिसऱ्यांदा गाडी कायमची सरकारजमा होऊ शकते. २०११ मध्ये पहिल्या पायरीचे ४८ तास वाढवून ३० दिवस करण्यात आले. गाडी ओढून नेण्याचा आणि ती ठेवण्याचा खर्च मालकाचा. तो भरल्याशिवाय गाडी परत मिळत नाही.

कशासाठी गाडी जाते? मर्यादेपेक्षा ताशी ४५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेग, रस्त्यावर लावलेली शर्यत आणि ‘बर्नआउट’, म्हणजे ब्रेक दाबून धरून मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरवायची, रबर जाळायचं आणि धुराचा लोट उठवायचा. शेवटच्या प्रकारात वेग नसतोच. गाडीवरचा ताबा मुद्दाम सोडणं हाच गुन्हा.

हा कायदा जगभर माहीत झाला तो एका शुक्रवारी रात्री, २६ मार्च २०१० रोजी. मेलबर्नच्या आल्बर्ट पार्कमध्ये फॉर्म्युला वनची ऑस्ट्रेलियन ग्रां प्री होती. हे पार्कही बाथर्स्टसारखंच आहे. एरवी तळ्याभोवतीच्या त्या रस्त्यावर लोक सावकाश गाड्या चालवतात, मार्चात तिथेच शर्यत होते. सराव आटोपून २००८ चा विश्वविजेता लुईस हॅमिल्टन रुपेरी मर्सिडीजमधून बाहेर पडला आणि जमलेल्या चाहत्यांसमोर त्याने मागची चाकं फिरवून गाडी घसरवली. पोलीस तिथेच होते. गाडी ४८ तासांसाठी जप्त झाली. रविवारच्या शर्यतीत तो सहावा आला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्याला ५०० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

राज्याचे रस्तेमंत्री टिम पॅलस यांनी हॅमिल्टनला जाहीरपणे शिवी घातली. शर्यतीतला स्थानिक नायक मार्क वेबर याने उलट आपल्याच देशाला धारेवर धरलं. लोकांचं बोट धरून चालवू पाहणारं हे सरकार आहे, असा त्याचा सूर होता. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. हॅमिल्टनने कुणाला धडक दिली नव्हती आणि त्याच्याहून चांगली गाडी चालवणारी माणसं त्या रात्री त्या शहरात बोटांवर मोजण्याइतकी असतील. पण कायदा कौशल्य मोजत नाही आणि मोजूही शकत नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने समोरच्याच्या कौशल्यावर विश्वास ठेवावा, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. शिवाय विश्वविजेत्याची गाडी अडकली म्हणजे उद्या कुणाचीही अडकेल, हे लोकांना आपोआप कळलं. त्यापुढे ५०० डॉलरचा दंड क्षुल्लक होता.

चूक एकाची, गाडी दुसऱ्याची

हे झालं चालक स्वतः जबाबदार असतानाचं. याच सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये या कायद्याची दुसरी बाजू दिसली. एका डॉक्टरने आपली पिवळी लॅम्बोर्गिनी दुरुस्तीसाठी गॅरेजला दिली. मेकॅनिकने चाचणीच्या निमित्ताने ती ९० च्या रस्त्यावर १६० ने पळवली. पोलिसांनी कायद्याप्रमाणे गाडी २८ दिवसांसाठी उचलली. डॉक्टर गाडीत नव्हता, त्याला पत्ताही नव्हता. कायद्यात लिहिलं होतं ते गाडीबद्दल, आणि गाडी १६० ने धावली होती यात शंका नव्हती.

लॅम्बोर्गिनीवाल्या डॉक्टरबद्दल कुणाला फार कणव वाटणार नाही. पण हाच प्रसंग सामान्य घरात आणून पाहावा. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक अशा उपनगरांत भारतातून गेलेली कुटुंबं दाटीने राहतात, त्यांत मराठी घरंही आहेत. तिथे अठरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा नव्या चालकाची लाल ‘पी’ची पाटी लावून गाडी चालवायला लागतो आणि गाडीची नोंदणी बहुधा आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असते. शनिवारी रात्री मुलगा मित्रांसमोर चाकं फिरवतो आणि सोमवारपासून महिनाभर आईला कामावर जायला गाडी नसते. दाद मागायची सोय कायद्यात आहे, पण ती मागेपर्यंत दिवस जातात. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं असं की घरातल्या माणसांनी किल्ली देताना विचार करावा, यासाठीच तर हे आहे. आईबापाच्या बाबतीत ते पटू शकतं. गॅरेजला गाडी देणाऱ्याने कसला विचार करायचा?

डेन्मार्कने हा प्रश्न सर्वांत कठोरपणे सोडवला. ३१ मार्च २०२१ पासून तिथे एखाद्याने ताशी २०० किंवा त्याहून जास्त वेगाने गाडी चालवली, किंवा १०० च्या वर जाऊन मर्यादेच्या दुपटीहून जास्त वेग गाठला, तर गाडी कायमची सरकारजमा होते. मग ती कुणाचीही असो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्वेच्या एका माणसाने जर्मनीत नवी लॅम्बोर्गिनी घेतली आणि डेन्मार्कमार्गे घरी निघाला. उत्तर जटलंडमध्ये पोलिसांनी त्याला ताशी २३६ किलोमीटर वेगाने जाताना पकडलं. खरेदीला काही तासच झाले होते. गाडी गेली. चूकही त्याची, गाडीही त्याची, त्यामुळे या प्रकरणात फार वाद नव्हता. ओरड झाली ती भाड्याने किंवा लीजवर गाड्या देणाऱ्या कंपन्यांची. गिऱ्हाइकाने वेडेपणा केला की कंपनीची मालमत्ता जाणार. ऑस्ट्रियाने मार्च २०२४ पासून असाच कायदा केला. शहरात मर्यादेपेक्षा ८० आणि शहराबाहेर ९० किलोमीटर जास्त वेग असेल, तर पहिल्याच वेळी गाडी काढून घेता येते.

जर्मनी मात्र गाडीपेक्षा माणसाकडे वळला. १ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री बर्लिनमधल्या कुरफ्युर्स्टनडाम या भर बाजारपेठेच्या रस्त्यावर दोन तरुणांनी शर्यत लावली. लाल दिवे तोडत, ताशी १६० च्या आसपास वेगाने. एकाची गाडी हिरव्या दिव्यावर निघालेल्या जीपवर आदळली आणि तिच्यातला ६९ वर्षांचा माणूस जागीच गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोघांना खुनासाठी दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, खटला पुन्हा चालला आणि अखेर जून २०२० मध्ये धडक देणाऱ्याची जन्मठेप कायम झाली. दरम्यान ऑक्टोबर २०१७ मध्ये रस्त्यावरची शर्यत हा जर्मनीत फौजदारी गुन्हा झाला. तोपर्यंत तो वाहतूक नियमाचा भंग एवढाच होता. नव्या कायद्यात गाडी जप्त करायची मुभा आहे, पण सगळा भर चालक काय जाणत होता आणि त्याने काय पत्करलं होतं यावर आहे. बर्लिनच्या खटल्यात हे ठरवायला चार वर्षं लागली. गाडी उचलायला ट्रक पाठवावा लागतो, माणसाचं मन वाचायला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. सरकारांना पहिला मार्ग का आवडतो, ते यातून कळतं.

चिरडण्याचं राजकारण

या आवडीचं टोक न्यूझीलंडमध्ये गाठलं गेलं. ऐंशीच्या दशकाअखेर त्या देशाने जपानमधून जुन्या गाड्या आणण्यावरची बंधनं सैल केली. विशीतल्या मुलाला परवडेल अशा किमतीत ताकदवान जपानी गाड्या बाजारात आल्या. शहराशहरांत रात्री गाड्यांचे ताफे फिरू लागले. क्राइस्टचर्चमध्ये शहराच्या मध्यभागाला चौकट घालणारे चार मोठे रस्ते आहेत. त्यांच्यावर रात्रभर फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या रहिवाशांचा त्रास खरा होता. सायलेन्सरचा आवाज, जळक्या टायरचा वास, सकाळी रस्त्यावर काळे वळसे आणि बाटल्या. पुढे तिथल्या महापालिकेने काही औद्योगिक रस्त्यांवर रात्री १० ते पहाटे ५ हलक्या गाड्यांना बंदीच घातली.

२००३ मध्ये संसदेने कायदा करून २८ दिवसांच्या जप्तीचा अधिकार पोलिसांना दिला. ‘बॉय रेसर’ कायदा म्हणून तो ओळखला जातो. त्याने भागलं नाही म्हणून २००९ मध्ये पोलीसमंत्री ज्युडिथ कॉलिन्स यांनी पुढचं पाऊल टाकलं. चार वर्षांत तीन गुन्हे झाले तर न्यायालय गाडी चिरडण्याचा आदेश देऊ शकेल. कॉलिन्सना ‘क्रशर’ हे टोपणनाव पडलं आणि त्यांनी ते मिरवलंही.

कायदा डिसेंबर २००९ मध्ये लागू झाला. पहिली गाडी चिरडली गेली ती जून २०१२ मध्ये. कॅमेरे होते, तेव्हाच्या पोलीसमंत्रीही होत्या. त्यानंतरचं दशक संपत आलं तरी चिरडलेल्या गाड्यांची संख्या तीनच्या पुढे गेली नव्हती.

समर्थक म्हणतात की धाक बसला, म्हणून गरज पडली नाही. हे अगदीच खोटं नसावं. पण चिरडण्यापर्यंतचा रस्ताच लांब आहे. तीनदा पकडायचं, तीनदा दोषी ठरवायचं, तेही चार वर्षांच्या आत आणि त्याच माणसाला. तोपर्यंत तो गाडी विकतो, दुसऱ्याच्या नावावर करतो किंवा वयाने मोठा होऊन हे सगळं सोडून देतो. शिवाय चिरडून मिळतं काय? विकली असती तर गाडीचे पैसे आले असते. व्हिक्टोरियात सरकारजमा झालेल्या गाड्यांचा सहसा लिलाव होतो. चिरडण्यात फायदा एकच, तिचं चित्र निघतं. आणि चित्राचा मोह सुटत नाही. २०२५ मध्ये न्यूझीलंड सरकारने पुन्हा नवा कायदा पुढे आणला. शर्यत लावणाऱ्याची, पोलिसांना पाहून पळणाऱ्याची गाडी नष्ट करणं किंवा सरकारजमा करणं हीच नेहमीची शिक्षा व्हावी, असं त्यात आहे. जुन्या कायद्याने तीनच गाड्या का चिरडल्या, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

काय चालतं

मग गाडी उचलण्याचा काही उपयोग होतो का? होतो, आणि त्याचा पुरावा चिरडण्याच्या बाजूचा नाही. कॅलिफोर्नियात १९९५ पासून परवाना रद्द झालेला असताना चालवणाऱ्यांची गाडी ३० दिवस अडकवतात. तिथल्या मोटार वाहन विभागाचे संशोधक डेव्हिड डीयंग यांनी १९९९ मध्ये गाडी अडकलेले आणि कायदा येण्यापूर्वीचे तसेच चालक यांची तुलना केली. पहिल्यांदा पकडलेल्यांचे पुढच्या वर्षातले अपघात सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाले, वारंवार पकडल्या गेलेल्यांचे सुमारे ३८ टक्क्यांनी. कॅनडातल्या ओंटारियोने २००७ मध्ये मर्यादेपेक्षा ताशी ५० किलोमीटर जास्त वेगाने जाणाऱ्याची गाडी जागीच सात दिवसांसाठी उचलायला सुरुवात केली. नंतरच्या अभ्यासात विशीच्या आसपासच्या तरुण पुरुष चालकांमध्ये अपघातांत मरणाऱ्यांचं आणि जखमी होणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचं दिसलं. कायदा ज्यांच्यासाठी होता, परिणाम त्यांच्यावरच झाला.

दोन्हीकडे शिक्षेचं रूप सारखं आहे. ती लगेच होते, चुकवता येत नाही आणि ठरावीक दिवसांनी संपते. ज्या रात्री चूक केली, त्याच रात्री मित्रांसमोर गाडी ट्रकवर चढते आणि घरी पायी किंवा बापाला फोन करून जावं लागतं. एकोणीस वर्षांच्या पोराला अडीच वर्षांनी होणाऱ्या चिरडण्यापेक्षा ही फजिती अधिक झोंबते. कायमची जप्ती कागदावर मोठी दिसते, पण ती उशिरा येते आणि क्वचित येते.

धूर, टोपी आणि कॅमेरा

हे अभ्यास बातमीत फारसे येत नाहीत. बातमीत येतात धूर सोडणारी गाडी, टोपी घातलेली पोरं आणि मोबाइलवर काढलेलं हलतं चित्रण. ऑस्ट्रेलियात २००९ पासून ‘हायवे पॅट्रोल’ ही टीव्ही मालिका चालते. व्हिक्टोरियाच्या महामार्ग पोलिसांबरोबर कॅमेरा फिरतो आणि बहुतेक भागांत कुणाची तरी गाडी ट्रकवर चढताना दिसते. पोलिसांना प्रसिद्धी मिळते, वाहिनीला स्वस्तात नाट्य मिळतं.

हे नवीन नाही. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी ‘मॉड्स’ आणि ‘रॉकर्स’ या तरुणांच्या दोन गटांत हाणामारी झाली. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने त्यावर लिहिलेलं पुस्तक १९७२ मध्ये आलं. नुकसान किरकोळ होतं, वर्तमानपत्रांनी ते फुगवलं, मग पोलीस कडक झाले, मग पुढच्या सुट्टीत खरोखरच जास्त पोरं आली, असं त्याने दाखवलं. ऑस्ट्रेलियात ग्लेन फुलर यांनी बदल केलेल्या गाड्यांच्या संस्कृतीवर पीएचडी केली आणि ‘हून’ या प्रतिमेकडे याच नजरेने पाहिलं. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला समुद्राकडे जाणाऱ्या बीच बुलेव्हार्ड रस्त्यावर गाड्या घेऊन जमणाऱ्या पोरांत मिसळून केरन लम्सडेन यांनी संशोधन केलं. त्यांचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. तिथे २००४ च्या कायद्याने पोलिसांना आधी ताकीद आणि मग जप्ती असा अधिकार मिळाला होता. गाडी सजवणारे, ताफ्यात फिरणारे आणि जीव धोक्यात घालणारे हे वेगवेगळे लोक आहेत, पण बातमीत ते एकाच ओळीत उभे केले जातात, हे अशा अभ्यासांतून पुन्हा पुन्हा समोर येतं.

गंमत अशी की ज्या प्रतिमेची वर्तमानपत्रं धास्ती घेतात, ती घडवण्यातही छापील मजकुराचाच वाटा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ‘व्हाइब’ मासिकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या शर्यतींवर एक लेख आला. त्यावरून २००१ चा ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा सिनेमा निघाला. पुढची वीस वर्षं जगभरची पोरं त्या सिनेमासारखी गाडी करू पाहत होती आणि जगभरचे वार्ताहर त्या पोरांना त्या सिनेमाचं नाव देत होते.

गाडीवेड्यांची बाजू घ्यायची म्हणून सगळ्यांना संत ठरवायचं कारण नाही. पण या छंदात बरंच कारागिरीचं काम आहे. इंजिन बदलणं, वेल्डिंग, सस्पेन्शन बसवणं, रंग. व्हिक्टोरियात मोठा बदल केला तर सरकारमान्य अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. रस्त्यावर पोलिसांना गाडीत दोष दिसला तर काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटते. पोरं तिला ‘कॅनरी’ म्हणतात. ती लागली की दोष दुरुस्त करून गाडीची तपासणी करून घ्यावी लागते. ही यंत्रणा योग्यच आहे, कारण ती गाडीतल्या दोषाकडे पाहते. फसगत तिथे होते, जिथे खाली उतरवलेली, मोठ्या सायलेन्सरची गाडी पाहूनच चालक कसा आहे हे ठरवलं जातं, आणि रोज ऑफिसला जाताना मर्यादेच्या वर धावणारी पांढरी सेडान कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

याला पर्यायही ऑस्ट्रेलियातच आहे. कॅनबरात १९८८ पासून ‘समरनॅट्स’ हा गाड्यांचा मेळा भरतो. त्यात बर्नआउटची स्पर्धा असते, परीक्षक असतात, कठडे असतात, अग्निशमन दल तयार असतं. रस्त्यावर जप्ती घडवणारी तीच करामत तिथे गुण मिळवून देते. सिडनीत २००४ मध्ये सरकारी मदतीने सरळ शर्यतींचा ट्रॅक उभा राहिला. तिथे नोंदणी करून, हेल्मेट घालून, आपली रोजची गाडी घेऊन शेजारच्याशी भिडता येतं. याने रस्त्यावरच्या शर्यती संपल्या नाहीत. पण ‘मग आम्ही जायचं कुठे?’ या प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि उत्तर असूनही जो रस्त्यावर उतरतो त्याची गाडी उचलताना पोलिसांचा हात थरथरत नाही.

आपल्याकडची गाडी

महाराष्ट्रातून हे वाचताना १९ मे २०२४ ची पहाट आठवणारच. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या, नोंदणी पूर्ण न झालेल्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. पुढच्या काही तासांत बालन्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन दिला, नंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप पुढे आला. हे प्रकरण सगळीकडे गाडीच्या नावाने ओळखलं गेलं. पण गाडीने काय केलं होतं? मुलाच्या हाती किल्ली देणारे, त्याला दारू देणारे, नंतर कागद फिरवू पाहणारे सगळे माणसंच होते. गाडी परदेशी आणि महाग नसती, तर दोन मृत्यूंची बातमी पुण्याबाहेर गेली असती का? २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांना मारणारी वाहनं ट्रक, टेम्पो, साध्या मोटारी आणि दुचाकी होती. त्यांच्या नावाने कुठलं प्रकरण झालं नाही.

कायद्याकडे पाहिलं तर चित्र उलटं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर रस्त्यावर शर्यत लावल्याबद्दल पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. त्याआधी हा दंड ५०० रुपये होता. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे कलम चांगलं कडक आहे. पण सज्ञान माणसाने गाडी बेदरकार चालवली म्हणून ठरावीक दिवस ती उचलून ठेवायची स्वच्छ तरतूद या कायद्यात नाही. गाडी अडकवण्याचं कलम आहे ते मुख्यतः परवाना, नोंदणी, परमिट यांच्या कागदांसाठी.

तरीही आपल्याकडे गाड्या अडकतात, आणि वर्षानुवर्षं अडकतात. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागे जाऊन पाहावं. मुद्देमाल म्हणून आणलेल्या मोटारी, रिक्षा, दुचाकी गंजत पडलेल्या असतात. त्यांच्यातून गवत उगवतं आणि बॅटरी केव्हाच गेलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं होतं की गाड्या ठाण्यात सडू देऊ नका, फोटो काढा, पंचनामा करा आणि हमी घेऊन मालकाला परत द्या. म्हणजे आपल्याकडे जप्ती अधिकृतपणे शिक्षा नाही, पण व्यवहारात मुदत नसलेली शिक्षा आहे. ती कुणाला मिळेल हे गुन्ह्यावर ठरत नाही. गाडी सोडवण्याच्या सुपूर्दनाम्यासाठी वकील कुणाला परवडतो, त्यावर ठरतं.

दिखाऊपणाही इथे आहेच. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवण्याचे कार्यक्रम महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत झाले आहेत. आवाजाला आळा घालणं रास्तच, पण रोडरोलर फिरवून मिळतो तो फोटो. २००४ साली ‘धूम’ आला आणि तेव्हापासून सोनसाखळी चोरापासून कॉलेजच्या पोरापर्यंत दुचाकीवरचा प्रत्येक जण मराठी बातमीत ‘धूम स्टाईल’ होऊन बसला आहे. चोर, टवाळखोर आणि स्वतःच्या हाताने जुनी यामाहा दुरुस्त करणारा पोरगा, तिघांना एकच विशेषण.

वेगाच्या हौसेला जागा देऊन तिला नियमात बसवायचं, हे मात्र आपल्याला नवीन नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली. राज्याने कायदा बदलला, नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. प्रशासनाची परवानगी हवी, धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको, डॉक्टर हवा. आजही वाद संपलेला नाही, पण घाट कुठे, दिवस कोणता, जबाबदार कोण हे ठरलेलं असतं. मोटारीच्या बाबतीत कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंगसारखी खासगी उदाहरणं आहेत. पुणे, मुंबई, नागपूरच्या पोराला मात्र सुट्टीच्या दिवशी साधी दुचाकी घेऊन चार तास पळवायला परवडेल अशी सरकारमान्य जागा शोधावी लागते. त्याला सापडतो तो पहाटेचा रिकामा हमरस्ता.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वीस वर्षांतून घ्यायचं तर एवढं घ्यावं. गाडी उचलायचा अधिकार पोलिसांना द्यावा, पण कृतीसाठी. किती वेग, कसला धोका, हे कायद्यात आकड्यांत आणि स्पष्ट लिहिलेलं असावं, म्हणजे गाडी कशी दिसते यावर काही ठरणार नाही. मुदत ठरलेली असावी, पंधरा दिवस किंवा तीस, आणि ती संपली की खर्च भरून गाडी परत मिळावी, न्यायालयाच्या चकरा न मारता. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाला दोन-तीन दिवसांत कुणापुढे तरी उभं राहून सांगता यावं की किल्ली मी दिली नव्हती. जिथे माणूस मेला तिथे गाडीवर राग काढून थांबू नये. किल्ली, दारू आणि कागद ज्यांच्या हातांतून गेले, त्या प्रत्येकापर्यंत खटला जायला हवा, मग चार वर्षं लागोत. आणि वार्ताहरांनी गाडीच्या किमतीआधी चालकाच्या रक्तातल्या दारूचा आकडा विचारावा.

वेगाची हौस कुठलाही कायदा संपवू शकत नाही. ती कुठे करायची आणि कुणाच्या जिवावर करायची नाही, हे मात्र कायदा ठरवू शकतो. त्याला क्रशर लागत नाही आणि रोडरोलरही लागत नाही. त्याच रात्री, पावती हातात ठेवून, महिनाभरासाठी गाडी नेणारा टोइंगवाला पुरतो, आणि मंत्र्याच्या पोराची गाडीही तो तशीच नेईल एवढी खात्री असावी लागते.